विमान उतरताना कपाळ ठणकतं? निम्मं काम जमिनीवर करायचं असतं

नाशिककराला हवेचा दाब म्हणजे काय ते शिकवायला मास्तर लागत नाही, कसारा घाट पुरतो. इगतपुरी मागे पडली, गाडी घाट उतरू लागली की कानाला दडे बसतात. कुणी जांभई देतं, कुणी आवंढा गिळतं आणि खर्डी येईपर्यंत सगळं मोकळं होतं. पण ज्या दिवशी सर्दी झालेली असते त्या दिवशी कानाबरोबर कपाळही जड होतं, एका भुवईवर बारीक ठणका लागतो. इगतपुरी ते कसारा हा उतार जेमतेम हजार फुटांचा. प्रवासी विमान उतरताना आपल्या डोक्याला याच्या सहापट उतार सोसावा लागतो, तोही वीस-पंचवीस मिनिटांत.

हे लिहितोय ते दोन प्रकारच्या लोकांसाठी. एक, नाशिकच्या ओझर विमानतळावरून कामाला किंवा फिरायला जाणारे प्रवासी. दुसरे, धुळे, बारामती, गोंदिया अशा ठिकाणी विमान चालवायला शिकणारी आपल्याकडची मुलंमुली. दुसऱ्यांसाठी जरा जास्तच, कारण प्रवाशाला कळ आली तर तो डोकं धरून बसू शकतो. वैमानिकाच्या हातात त्या वेळी विमान असतं. मी डॉक्टर नाही, छोटी विमानं उडवणारा माणूस आहे. औषधांच्या बाबतीत शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

सगळ्यात आधी हे पक्कं करून टाका: वर जाताना काही झालं नाही, म्हणजे खाली येताना होणार नाही, असं अजिबात नाही. बहुतेक लोक फसतात ते इथेच. नाक थोडं चोंदलेलं असतं, उड्डाण घेतल्यावर काहीच जाणवत नाही, माणूस निर्धास्त होतो. खरा त्रास उतरताना होतो, आणि तोवर निवड हातातून गेलेली असते, कारण विमान कधी ना कधी उतरावंच लागतं. रद्द करता येतं ते फक्त जमिनीवर असेपर्यंत.

डोक्याच्या आत काय चालतं

कवटीच्या हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात, त्यांनाच सायनस म्हणतात: कपाळात, गालांत, दोन डोळ्यांच्या मधे आणि खूप आत, नाकाच्या मागे. प्रत्येक पोकळीची नाकात उघडणारी एक वाट असते, काही मिलिमीटरची. गालातली पोकळी मोठ्या माणसात साधारण १५ मिलिलिटरची. कपाळातल्या पोकळीची वाट त्यातल्या त्यात लांब आणि अरुंद, म्हणून विमानातला ठणका सर्वांत जास्त वेळा भुवईच्या वर लागतो. गालातली पोकळी अडली तर वरच्या दाढा दुखतात आणि माणूस उगाच दाताच्या डॉक्टरकडे पळतो.

विमानात अर्धी प्यालेली पाण्याची बाटली झाकण घट्ट लावून ठेवा आणि उतरल्यावर बघा. ती चेपलेली दिसेल. वरच्या विरळ हवेत बंद झालेली हवा खाली येताना आकसते. प्लॅस्टिक मऊ असल्याने बाटली चेपते. हाडाची पोकळी चेपत नाही. मग आतली निर्वात जागा भरून काढायला पोकळीचं अस्तर सुजतं, त्यातून पाणी आणि कधी रक्त झिरपतं. कपाळात मारलेली ती सणक म्हणजे हाडावरून ओढलं जाणारं अस्तर.

आता आकडे बघा, म्हणजे घाट आणि विमान यांतला फरक कळेल. समुद्रसपाटीला हवेचा दाब १०१३ हेक्टोपास्कल धरतात. प्रवासी विमान ३५,००० फुटांवर असलं तरी केबिनमधला दाब साधारण ६,००० ते ८,००० फुटांवर असतो तेवढा राखलेला असतो. ८,००० फुटांना तो ७५३ हेक्टोपास्कल होतो. म्हणजे तिथे अडकलेली हवा समुद्रसपाटीला येईपर्यंत पाऊण राहते. १५ मिलिलिटरच्या पोकळीत जवळजवळ पावणेचार मिलिलिटरचा तुटवडा.

जमिनीजवळ हवा दाट असल्याने दाबही झपाट्याने बदलतो. समुद्रसपाटीजवळ २७ फूट उतरलं की एक हेक्टोपास्कल वाढतो. ८,००० फुटांवर त्यासाठी ३५ फूट लागतात. शेवटच्या दोन-तीन हजार फुटांत दुखणं एकदम चढतं त्याचं एक कारण हेच. आणि कुठे उतरताय यालाही अर्थ आहे. केबिन ७,००० फुटांची धरली तर बंगळुरूला, जे स्वतःच ३,००० फुटांवर आहे, उतरताना फरक साधारण १२५ हेक्टोपास्कलचा पडतो. ओझरला सुमारे १६०, दिल्लीला २००च्या आसपास, गोव्याला त्याहून जास्त. बंगळुरूला काही झालं नाही म्हणून त्याच सर्दीत गोव्याचं तिकीट काढू नका.

कान आणि सायनस यांतला फरक इथे सांगायला हवा, कारण जवळपास सगळे सल्ले कानाचे असतात आणि ते सायनसला लावले जातात. कानाच्या नळीला स्नायू असतो. आवंढा गिळला, जांभई दिली, गोळी चघळली की तो नळी उघडतो. सायनसच्या वाटेला असा कुठलाही स्नायू नाही. तिथे वाट मोकळी असेल तर हवा आपोआप जाते-येते, सुजलेली असेल तर कितीही च्युइंगगम चघळा, काही उपयोग नाही. सगळी मदार अस्तराची सूज आधीच उतरवण्यावर आहे.

आदल्या संध्याकाळची तपासणी

आरशासमोर पाच मिनिटं पुरतात. एक नाकपुडी बोटाने हलकेच बंद करून दुसरीने श्वास घ्या, मग उलट. एक बाजू दुसरीपेक्षा थोडी कमी वाहते हे नेहमीचंच, नाक आलटूनपालटून मोकळं होत असतं. पण एक बाजू पूर्ण बंद असेल आणि तासाभरानेही तशीच असेल तर नोंद घ्या. मग कमरेत वाका, बुटाची लेस बांधायला वाकतो तसे, आणि दहा-पंधरा सेकंद तसेच राहा. कपाळ किंवा गाल भरून आल्यासारखे वाटले, ठणका लागला, तर आत काहीतरी साचलंय. भुवईच्या आतल्या कोपऱ्यात आणि डोळ्यांखाली गालाच्या हाडावर अंगठ्याने दाबून बघा. एक बाजू दुसरीपेक्षा दुखरी आहे का? शेवटी नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, अगदी हळू फुंकर. दोन्ही कान सहज पुटकले पाहिजेत. कान उघडत नसतील तर नाकाच्या मागच्या भागात सूज आहे, आणि ती सायनसच्या वाटेतही असण्याची शक्यता मोठी.

पिवळा-हिरवा घट्ट शेंबूड, ताप, वरच्या दाढेचा ठणका, वास न येणं, यांतलं काही असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही. डॉक्टरकडे जा.

घाटाची परीक्षाही उपयोगी आहे, पण ती एकाच बाजूने खरी. मुंबईच्या विमानतळावर जाताना कसाऱ्यात कपाळ दुखलं तर विमानात दुखणार हे जवळपास ठरलेलं. समृद्धीच्या बोगद्यातून गेलात तरी उतार चुकत नाही. घाटात मात्र काही झालं नाही तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही, हजार फूट म्हणजे फार थोडे.

न उडण्याचा निर्णय

प्रवाशासाठी हा निर्णय पैशांचा असतो. तारीख बदलायला किती लागतील, लग्न कुणाचं आहे, मीटिंग ढकलता येईल का. साधी वाहती सर्दी, परीक्षेत कान मोकळे, कपाळ हलकं: पुढे सांगितलेली तयारी करून जायला हरकत नाही. वाकल्यावर ठणका लागतोय: दोन-तीन दिवस ढकला. ते शक्य नसेल तर निदान निघण्याआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना नाक दाखवा.

शिकाऊ वैमानिकासाठी हिशोब वेगळा, आणि खरं दडपण तिथे आहे. व्यावसायिक परवान्याला २०० तास लागतात, विमानं मोजकी, नंबर लागायला वाट बघावी लागते, घरच्यांनी कर्ज काढलेलं असतं. अशात ‘सर, नाक चोंदलंय’ म्हणून स्वतःचा नंबर सोडणं जिवावर येतं. उडण्याआधी स्वतःला तपासायची जी यादी सगळीकडे शिकवतात, त्यात आजार आणि औषध हे पहिले दोन प्रश्न आहेत, दारू आणि थकव्याच्याही आधी. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचं वैमानिकांसाठीचं मार्गदर्शन तर याबाबत आडपडदा ठेवत नाही: सर्दी किंवा नाकाची अॅलर्जी असताना उडू नका, नाकातल्या स्प्रेने पुरेसं संरक्षण सहसा मिळत नाही. माझंही मत तेच. स्प्रे मारून प्रवास करावा लागणं समजू शकतो. स्प्रे मारून सोलो, म्हणजे एकट्याने उड्डाण, करू नये.

इन्स्ट्रक्टरला सांगताना गुळमुळीत बोलू नका. ‘जरा बरं नाही’ यावर कुणीही ‘चल रे, होईल बरं’ म्हणेल. ‘डावा कान पुटकत नाही, वाकलं की डाव्या भुवईवर दुखतं’ असं सांगितलं की कुठलाही शहाणा इन्स्ट्रक्टर स्वतःच तुमचं नाव खोडेल. जागा दुसऱ्या कुणाला मिळेल आणि तुम्ही सिम्युलेटरवर किंवा हवामानशास्त्राच्या पुस्तकात दिवस घालवाल. तासांच्या वहीत तो दिवस कुणाला दिसत नाही.

ज्यांचं नाक नेहमीच बिघडलेलं असतं

नाशिकमध्ये अशांची कमी नाही. पावसाळ्यात भिंतींची ओल आणि बुरशी, पाऊस सरताच गाजरगवत, डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा खाली जातो तेव्हा पहाटेची ती बोचरी हवा. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव चालू असताना तासभर उभे राहा, चांगल्या नाकालाही शिंका येतील. द्राक्षबागांत गंधकाची भुकटी धुरळतात तेव्हाही तेच. अशा अॅलर्जीच्या नाकाला आदल्या रात्री काही करून भागत नाही.

डॉक्टरांनी फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनसारखा स्टिरॉइडचा नाकातला स्प्रे दिला असेल, तर तो प्रवासाच्या एक-दोन आठवडे आधीपासून रोज घ्यायचा. पूर्ण परिणाम दिसायला तेवढे दिवस लागतात. विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या रांगेत पहिल्यांदा मारला तर त्याचा उपयोग शून्य. मारण्याचीही पद्धत आहे: मान किंचित पुढे, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, डाव्यासाठी उजवा, आणि स्प्रेचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे न करता बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याकडे. पडद्यावर रोज मारत राहिलं की घोळणा फुटतो.

जलनेती आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, आणि ती खरंच चांगली. पाण्याबाबत मात्र हयगय नको. नळाचं पाणी नको, फिल्टरचंही तसंच नको. किमान एक मिनिट खळखळून उकळून कोमट केलेलं पाणी घ्या. केरळमध्ये २०२४ आणि २०२५ मध्ये नाकावाटे मेंदूत शिरणाऱ्या अमिबाचे रुग्ण सापडले, ते वाचल्यावर तरी हा आळस करू नये. २५० मिलिलिटर पाण्याला सव्वादोन ग्रॅम मीठ, म्हणजे चहाच्या सपाट अर्ध्या चमच्याला थोडं कमी. प्रमाण बरोबर असेल तर नाकात झोंबत नाही. नेती झाल्यावर पुढे वाकून डोकं दोन्हीकडे वळवत, दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून पाणी निथळू द्या. एक नाकपुडी दाबून जोरात शिंकरलं तर तेच पाणी कानाकडे किंवा सायनसकडे ढकललं जातं. उड्डाणाच्या दिवशी नेती करायची तर निघण्याच्या दोन तास आधी उरका.

त्या दिवशीची औषधं

सूज तात्पुरती उतरवणारे स्प्रे म्हणजे ऑक्सिमेटाझोलिन आणि झायलोमेटाझोलिन. आपल्याकडे नेझिव्हिऑन, ऑट्रिव्हिन या नावांनी लोक ओळखतात. पाच-दहा मिनिटांत नाक उघडतं, परिणाम आठ ते दहा तास टिकतो. प्रवाशाने तो उतरायला सुरुवात होण्याच्या अर्धा तास आधी घ्यावा. दोन तासांच्या दिल्लीच्या प्रवासात याचा अर्थ उड्डाणानंतर साधारण तासाभराने. एकदम दोन दाबण्यापेक्षा प्रत्येक नाकपुडीत एक, मग पाच-सात मिनिटं थांबून दुसरा: पहिल्याने पुढची सूज उतरते, दुसरा आतपर्यंत पोचतो. जाताना-येताना धरून सलग तीन दिवसांच्या वर नको. त्यानंतर औषध उतरलं की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, आणि माणूस बाटलीचा गुलाम होतो. रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, थायरॉइड, प्रोस्टेटचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. लहान मुलांनाही आपल्या मनाने नको.

मेडिकलमधून ‘सर्दीची गोळी द्या’ म्हणून जी मिळते तिच्याविषयी दोन गोष्टी. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांत नाक मोकळं करण्यासाठी फिनिलेफ्रिन असतं. २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांच्या सल्लागार समितीने एकमताने सांगितलं की पोटातून घेतलेलं फिनिलेफ्रिन चोंदलेल्या नाकावर काम करत नाही, आणि २०२४ मध्ये ते गोळ्यांतून काढायचा प्रस्तावही आला. म्हणजे उरतं काय? पॅरासिटामॉल आणि क्लोरफेनिरामिन. पहिल्याने दुखणं थोडं बोथट होतं, दुसऱ्याने झोप येते. लेव्होसेटिरिझिन-मॉन्टेलुकास्टची गोळी, जी सर्दी म्हणताच काउंटरवर पुढे सरकवली जाते, तिनेही अनेकांना सुस्ती येते.

प्रवाशाला झोप आली तर फार बिघडत नाही (झोपेत आवंढा कमी गिळला जातो, म्हणून उतरण्याआधी जागं राहिलेलं बरं, एवढंच). वैमानिकाला ही गोळी चालत नाही. अमेरिकेतला ढोबळ नियम पाच डोसांचा काळ थांबण्याचा आहे: सहा तासांनी घ्यायची गोळी असेल तर शेवटच्या डोसनंतर तीस तास. तुम्हाला कुठलं औषध चालेल हे डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) यादीवरच्या वैद्यकीय परीक्षकांना विचारा, केमिस्टला नव्हे. आणि औषध चाललं तरी ज्या सर्दीसाठी ते घेतलं ती चालते का, हा प्रश्न उरतोच.

बाम आणि व्हिक्स? लावा, बरं वाटेल. मेंथॉलने नाकातली थंडाव्याची जाणीव जागी होते आणि नाक उघडल्यासारखं वाटतं; वाट होती तेवढीच अरुंद राहते. वाफेने शेंबूड सैल होतो, आराम पडतो. त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका, आणि उकळतं पातेलं मांडीवर घेऊन बसू नका.

हवेत असताना

केबिनची हवा फार कोरडी असते, म्हणून घोट घोट पाणी पीत राहा. दारू टाळा, तिने अस्तर सुजतं. उतरताना ताठ बसा, समोरच्या ट्रेवर डोकं टेकवून झोपू नका. लहान मुलांचा प्रश्न बहुतेक कानांचा असतो, कपाळातल्या पोकळ्या त्यांच्यात अजून पुरत्या तयारच झालेल्या नसतात. बाळाला उतरताना दूध पाजा, भागतं.

वर चढतानाच दुखू लागलं तर प्रकार उलटा: आतली हवा फुगतेय आणि तिला बाहेर पडायला वाट नाही. अशा वेळी नाक धरून फुंकर मारू नका, आणखी हवा आत जाईल. छोट्या विमानात असाल तर चढणं थांबवा, हळूहळू खाली या आणि परत फिरा.

छोट्या विमानांविषयी एक गैरसमज ऐकतो, की ‘आम्ही काही ३५ हजार फुटांवर जात नाही’. खरंय, पण सेस्नाच्या केबिनला दाब राखायची सोय नसते. ६,५०० फुटांवर उडालात तर तुमचं डोकंही ६,५०० फुटांवरच असतं, प्रवासी विमानातल्या डोक्याइतकंच. शिवाय प्रवासी विमानाची केबिन मिनिटाला ३०० ते ५०० फुटांच्या बेताच्या गतीने ‘उतरवली’ जाते. इथे गती तुमच्या हातावर, आणि उशीर झाला की मुलं मिनिटाला हजार फुटांनी खाली येतात. सर्किटचा, म्हणजे धावपट्टीभोवती फेऱ्या मारत पुन्हा पुन्हा उतरण्याचा, सरावही निरुपद्रवी नाही. दर फेरीला हजार फूट वर, हजार फूट खाली, तेही जमिनीजवळच्या दाट हवेत. प्रत्येक फेरी म्हणजे नाकाला एक कसारा.

कळ आलीच तर

माझ्या ओळखीतल्या गंगापूर रोडच्या एका मुलाचं सांगतो. थंडीचे दिवस, सकाळी नाक थोडं बंद, त्याने कुणाला सांगितलं नाही. इन्स्ट्रक्टरबरोबर ६,५०० फुटांवरून परत येत होते. ४,००० फूट येईपर्यंत काही नाही, मग डाव्या भुवईवर एकदम कळ, डाव्या डोळ्यातून पाणी, आणि अल्टिमीटरचे (उंची दाखवणाऱ्या घड्याळाचे) काटे पुसट. तो दहा-बारा सेकंद दात दाबून बसला, विमानाचं नाक खाली चाललेलं. शेवटी म्हणाला, ‘सर, कंट्रोल घ्या, मला दिसत नाहीये.’

‘आय हॅव कंट्रोल. डोळे पूस. नाक शिंकरू नको, काही करू नको, फक्त बस.’

सरांनी विमान सरळ केलं, मग ५,००० फुटांवर परत नेलं. दोनेक मिनिटांत कळ ओसरली. तिथून मिनिटाला २०० फुटांनी उतरले, मधे एकदा थांबले. उतरल्यावर रुमालावर रक्ताची बारीक रेघ होती.

त्या सरांनी केलं तेच क्रमाने करायचं. आधी विमान सांभाळा: डिसेंट (उतरणं) थांबवा, सरळ पातळीत आणा, ट्रिम लावा, म्हणजे हाताचा जोर न लावता विमान तसंच राहील. सोबत कुणी असेल तर पहिल्याच कळेला कंट्रोल द्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत वाट बघू नका. मग वर चढा, जिथे दुखणं सुरू झालं त्याच्या हजारएक फूट वर, किंवा जिथे आराम पडेल तिथपर्यंत. हे मनाला पटत नाही. दुखत असताना प्रत्येकाला पटकन खाली जायचं असतं. पण खाली जाण्यानेच तर दुखतंय. वर गेल्यावर आतला-बाहेरचा दाब जुळतो आणि आवळलेली वाट सुटायला वाव मिळतो.

आराम पडला की नाक धरून हळुवार फुंकर, दोन-तीन सेकंदांची. दोनदा करून उपयोग झाला नाही तर सोडा; जोर लावला तर कानाच्या आतल्या भागाला इजा होऊ शकते, चक्कर येऊ शकते. मग मिनिटाला २०० फुटांनी उतरा, दर पाचशे फुटांना थोडं थांबा. रेडिओवर लाजू नका. ‘वैद्यकीय कारणाने हळू उतरतोय, सरळ अप्रोच हवा’ (फेरी न मारता थेट धावपट्टीकडे) एवढं पुरतं. दिसायला अडचण होत असेल, दुखण्याने हात थरथरत असेल, तर तीनदा ‘पॅन-पॅन’ म्हणून तातडी जाहीर करा. ती सोय याचसाठी असते.

इंधनाची भीती असेल तर आकडा बघा. ३,००० फूट मिनिटाला ५०० ने उतरायला सहा मिनिटं लागतात, २०० ने पंधरा. नऊ मिनिटांचा फरक. तासाला ३५ लिटर पिणाऱ्या सेस्नाला तो पाचेक लिटरचा पडतो, वर चढण्याचे आणखी थोडे. राखीव इंधन नियमाने घेतलं असेल तर हे सहज परवडतं.

प्रवाशाला यातलं काहीच हातात नाही. एकासाठी कॅप्टन विमान वर नेत नाही. ताठ बसा, स्प्रे असेल तर मारा, पाचएक मिनिटांनी हळू फुंकर, आणि केबिन क्रूला सांगून ठेवा. पॅरासिटामॉल तेव्हा घेतली तर ती विमान थांबल्यावर काम करू लागेल, पण घ्यायला हरकत नाही.

उतरल्यानंतर

शेंबडात रक्ताचा अंश दिसला तर घाबरू नका, अस्तराला इजा झाल्याची ती खूण आहे. पण तिचा अर्थ असाही आहे की काही दिवस उडायचं नाही. ‘उद्या परत यायचंय’ म्हणणाऱ्या प्रवाशाने रेल्वेचं आरक्षण बघावं; नाशिकरोडला थांबणाऱ्या दिल्लीच्या गाड्या काही कमी नाहीत. वैमानिकाने सगळी सूज उतरून, औषध न घेता वरच्या सगळ्या परीक्षा पास झाल्यावरच परत बसावं.

दुखणं एक-दोन दिवसांत ओसरलं नाही, ताप आला, गाल बधिर झाला, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. डोळ्याभोवती सूज, नजरेत फरक, मान आखडणं, यांतलं काही असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच वेळी रुग्णालय गाठा.

काहींना नाक पूर्ण मोकळं असताना, सर्दीचा मागमूस नसताना, उतरताना एका डोळ्याभोवती भयंकर ठणकतं आणि उतरल्यावर अर्ध्या तासात सगळं गायब होतं. ही विमानप्रवासाची डोकेदुखी म्हणून वेगळी नोंदलेली आहे आणि तिच्यावरचे उपाय वेगळे आहेत. तुमचं दुखणं या वर्णनात बसत असेल तर सायनसच्या औषधांवर पैसे घालवण्याआधी मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.

आणि वरचेवर, दर हिवाळ्यात, त्याच बाजूला होत असेल तर सीटी स्कॅन करून घ्यायला डॉक्टर सांगतील. वाकडा पडदा, मांसल गाठ, कधी वरच्या दाढेच्या मुळाचा जुना जंतुसंसर्ग, अशी कारणं त्यात सापडतात. दुर्बिणीतून वाट मोठी करण्याची शस्त्रक्रिया आता नेहमीची झाली आहे. वैमानिकाने मात्र ती ठरवण्याआधी आपल्या वैद्यकीय परीक्षकांशी बोलावं, म्हणजे पुढचं वैद्यकीय प्रमाणपत्र कधी आणि कुठल्या कागदपत्रांवर मिळेल ते आधीच कळेल. स्कॅनची सीडी आणि शस्त्रक्रियेचा अहवाल जपून ठेवा. पुढच्या तपासणीला ते मागतात.